गेमिंगसाठी कॉम्प्युटर घ्यावा की कन्सोल: सोलापूरच्या घरातून पाच वर्षांचा हिशेब

माग विकत घेणारा माणूस मागाची किंमत विचारून थांबत नाही. सूत कोणत्या भावाने पडेल, विजेचे बिल किती येईल, एखादा भाग मोडला तर तो गावात मिळेल की बाहेरून मागवावा लागेल, आणि उद्या माग काढायची वेळ आली तर हातात किती पडतील, एवढे सगळे पाहून मगच तो व्यवहार करतो. गेमिंगचे यंत्र घेताना मात्र ही सवय बाजूला पडते, असे मी आमच्या पूर्व भागातल्या अनेक घरांत पाहिले आहे. मुलगा सांगतो की कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचे तयार यंत्र, पंचावन्न हजारांत येतो आणि कॉम्प्युटर लाखाच्या घरात जातो; वडिलांना पंचावन्न हजार कमी वाटतात आणि व्यवहार तिथेच ठरतो. पुढच्या दोन वर्षांत गेम, सदस्यत्व, दुसरा कंट्रोलर आणि शेवटी अभ्यासासाठी वेगळा लॅपटॉप यांवर जो पैसा जातो, तो त्या दिवशी कोणी मोजलेला नसतो. याच्या उलटही घडते. घरात चांगला टीव्ही आहे, मुलाकडे कॉलेजचा लॅपटॉप आहे, तरीही ‘कॉम्प्युटरच बरा’ म्हणून लाख रुपये घातले जातात आणि त्यावर फक्त फुटबॉल आणि क्रिकेट खेळले जाते.

नात्यातल्या आणि शेजारच्या मुलांसाठी अशी बरीच खरेदी मी करून दिली आहे. त्यातून माझे मत पक्के झाले आहे की कॉम्प्युटर स्वस्त की कन्सोल स्वस्त, हा प्रश्न नुसता विचारला तर त्याला उत्तरच नाही. घरात आधीपासून काय आहे आणि पुढे कशाची गरज पडणारच आहे, यावर हा हिशेब पूर्ण उलटतो. म्हणून प्रथमच खरेदी करणाऱ्याने दुकानात जाण्यापूर्वी एक वही घ्यावी आणि पुढील क्रमाने ती भरावी.

पहिली पायरी: घरातील वस्तूंची यादी

वहीच्या पहिल्या पानावर घरातल्या चार गोष्टी लिहाव्यात: टीव्ही, कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप, इन्व्हर्टर आणि इंटरनेट.

टीव्हीच्या मागे एचडीएमआयचे पोर्ट आहे का ते पाहावे, कारण आजचे कन्सोल, म्हणजे सोनीचा पीएस५ आणि मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स, दोन्ही त्याच वायरने टीव्हीला जोडतात. टीव्ही फोरके नसला तरी चालतो. साध्या फुल एचडी टीव्हीवरही कन्सोल व्यवस्थित दिसतो. मात्र टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ असेल तर तो चालू करून घ्यावा, नाहीतर बटण दाबल्यावर पडद्यावर हालचाल उशिरा दिसते आणि मुले कंट्रोलर खराब असल्याची तक्रार करतात. टीव्ही एकच असेल आणि संध्याकाळी घरातली मोठी माणसे मालिका पाहत असतील, तर कन्सोलच्या हिशेबात दुसऱ्या पडद्याचा खर्च धरावा लागेल. ही गोष्ट फार घरांत विसरली जाते.

कॉम्प्युटर असल्यास त्याचा प्रोसेसर कोणत्या पिढीचा आहे ते लिहावे. विंडोज १० ला मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असून विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. घरातला कॉम्प्युटर त्या अटीत बसत असेल, त्यात ग्राफिक्स कार्ड (गेमचे चित्र तयार करणारा भाग) बसवण्याची जागा असेल आणि त्याचा एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) चांगला असेल, तर संपूर्ण नवा संच घेण्याऐवजी केवळ कार्ड घालून काम भागू शकते. अशा घरासाठी सर्वांत स्वस्त मार्ग तोच आहे.

दुसरी पायरी: कोणते गेम खेळायचे आहेत

यंत्र ठरवण्याआधी पाच गेमांची नावे लिहून घ्यावीत. मुलांना ती तोंडपाठ असतात.

बीजीएमआय हा केवळ मोबाइलसाठी असलेला गेम आहे. त्यासाठी यातले काहीच घेण्याची गरज नाही. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ हे माऊस-कीबोर्डचे गेम आहेत, ते कॉम्प्युटरवर विनामूल्य खेळता येतात, आणि व्हॅलोरंट तर वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या साध्या कॉम्प्युटरवरही चालतो. फक्त एवढेच खेळायचे असेल तर लाखाचा कॉम्प्युटरही नको आणि कन्सोलही नको. ईए स्पोर्ट्स एफसी किंवा क्रिकेट २४ असे खेळ दोन्हीकडे मिळतात, परंतु शेजारी बसून दोघांनी खेळण्याची खरी मजा टीव्हीसमोर असते आणि तिथे कन्सोल उजवा ठरतो.

सोनीचे स्वतःचे मोठे गेम आधी पीएस५ वर येतात आणि त्यांतले बरेचसे आतापर्यंत वर्ष-दोन वर्षांनी कॉम्प्युटरवर मिळत आले आहेत. ‘गॉड ऑफ वॉर रॅग्नारोक’ २०२२ मध्ये कन्सोलवर आला आणि २०२४ मध्ये कॉम्प्युटरवर. मायक्रोसॉफ्टचे गेम एक्सबॉक्सबरोबर त्याच दिवशी कॉम्प्युटरवरही येतात, त्यामुळे केवळ त्या गेमांसाठी एक्सबॉक्स घेण्याचे कारण उरत नाही. जीटीए ६ साठी थांबलेल्या मुलांची संख्या आमच्या गल्लीतही मोठी आहे. त्याची घोषणा पीएस५ आणि एक्सबॉक्स सिरीजसाठी झाली, कॉम्प्युटरचे नाव त्यात नव्हते. याआधीचा जीटीए ५ कन्सोलवर सप्टेंबर २०१३ मध्ये आणि कॉम्प्युटरवर एप्रिल २०१५ मध्ये आला होता. ज्याला पहिल्याच दिवशी खेळायचे आहे त्याने ही तफावत ध्यानात घ्यावी. ज्याला दीड वर्ष थांबता येते त्याने तिला महत्त्व देऊ नये.

तिसरी पायरी: कन्सोलची किंमत

पीएस५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी आला, तेव्हा डिस्कवाला ४९,९९० रुपयांना आणि डिजिटल, म्हणजे डिस्क न घेता फक्त इंटरनेटवरून गेम उतरवणारा, ३९,९९० रुपयांना होता. पुढे किमती वाढल्या, आणि एप्रिल २०२४ मध्ये स्लिम आवृत्ती अनुक्रमे ५४,९९० आणि ४४,९९० रुपयांना आली. एक्सबॉक्सचा लहान आणि स्वस्त प्रकार, सिरीज एस, नोव्हेंबर २०२० मध्ये ३४,९९० रुपयांना आला होता. हे आकडे पाहताना एक गोष्ट लक्षात येते, की जुने होत जाणारे यंत्र स्वस्त होईल ही आपली अपेक्षा या पिढीत फोल ठरली आहे. म्हणून ‘पुढच्या दिवाळीला स्वस्त होईल’ या भरवशावर थांबण्यापेक्षा खरेदीच्या दिवशीचा भाव दोन-तीन ठिकाणी विचारून वहीत लिहावा.

डिस्कवाला आणि डिजिटल यांच्यातला दहा हजारांचा फरक पाहून बहुतेक जण डिजिटलकडे वळतात. माझा सल्ला याच्या उलट आहे. डिस्क म्हणजे विकता येणारी वस्तू. मित्राकडून वापरलेली डिस्क घ्यावी, गेम पूर्ण करावा आणि ती पुढे विकावी किंवा अदलाबदल करावी. या फिरण्यात एका गेमचा निव्वळ खर्च हजार-बाराशेवर येतो. डिजिटल गेम एकदा घेतला की तो खात्याला चिकटतो, तो कोणालाही विकता येत नाही. पाच वर्षांत सात-आठ डिस्क जरी फिरवल्या तरी दहा हजारांचा फरक वसूल होतो.

याशिवाय दोन भाऊ खेळणार असतील तर दुसरा कंट्रोलर लागतो, तो साधारण सहा हजारांचा धरावा. स्लिम पीएस५ उभा ठेवायचा असेल तर त्याचा स्टँड वेगळा विकत घ्यावा लागतो. एक्सबॉक्सच्या कंट्रोलरला सेल लागतात. सिरीज एस च्या मूळ आवृत्तीत ५१२ जीबीच जागा असून तिच्यातली बरीच यंत्रणेलाच लागते. आजचा एकेक मोठा गेम शंभर जीबीच्या आसपास असल्यामुळे तीन-चार गेमांनंतर जुना काढून नवा घालावा लागतो. दर वेळी शंभर जीबी पुन्हा उतरवणे घरातल्या इंटरनेटला परवडते का, तेही पाहावे.

चौथी पायरी: कॉम्प्युटरचा संच

नवखा माणूस येथेच सर्वाधिक फसतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

कन्सोल म्हणजे शिवून तयार असलेला सदरा, तर कॉम्प्युटर म्हणजे कापड घेऊन शिंप्याकडे जाणे. प्रत्येक भाग वेगळा निवडावा लागतो आणि प्रत्येक भागात पैसे वाचवण्याची आणि वाया घालवण्याची जागा असते. पीएस५ मध्ये आठ कोरचा झेन २ प्रोसेसर आणि १६ जीबी मेमरी आहे. त्याच्या जवळपास जाणारा कॉम्प्युटर हवा असेल तर सहा कोरचा एएमडीचा रायझन ५ ५६०० किंवा इंटेलचा आय५ १२४००एफ, १६ जीबी रॅम, गेम साठवायला १ टीबीची वेगवान एनव्हीएमई एसएसडी आणि आरटीएक्स ४०६० च्या दर्जाचे ग्राफिक्स कार्ड एवढे पुरते. याहून कमी घेतले तर दोन वर्षांत पश्चात्ताप होतो, आणि याहून बरेच जास्त घेतले तर पहिल्या दोन वर्षांत ते वापरलेच जात नाही.

प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असेल तर त्यात स्वतःचे ग्राफिक्स नसते, म्हणजे कार्ड बसवल्याशिवाय पडद्यावर काहीच दिसत नाही. ‘आधी कॉम्प्युटर घेऊ, कार्ड पुढच्या बोनसवर’ असा बेत असेल तर एफवाला घेऊ नये, आणि रायझन ५ ५६०० ही घेऊ नये, कारण नावात ‘एफ’ नसले तरी त्यातही स्वतःचे ग्राफिक्स नाही. रॅम १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८ जीबीच्या दोन घ्याव्यात, त्याने गेमचा वेग सुधारतो. रॅम आणि एसएसडी यांचे भाव २०२५ च्या अखेरीपासून झपाट्याने चढले, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरसाठी मेमरी मोठ्या प्रमाणात उचलली जाऊ लागली. त्यामुळे सहा महिन्यांपूर्वीच्या कोटेशनवर विसंबून अंदाजपत्रक करू नये.

आता एसएमपीएसविषयी, कारण याच एका भागाने मला चांगलाच धडा शिकवला. माझ्या भाच्याचा कॉम्प्युटर जुळवताना शेवटी अंदाजपत्रक अडीच हजारांनी वर जात होते. दुकानदाराने ‘पाचशे वॅटचाच आहे, काही फरक पडत नाही’ म्हणून अनोळखी नावाचा एसएमपीएस दाखवला आणि मी होकार दिला. सातव्या महिन्यात, मे मधल्या एका संध्याकाळी लाईट दोन-तीन वेळा गेली आणि आली, व्होल्टेज वरखाली झाले, आणि जळका वास येऊन कॉम्प्युटर बंद पडला. एसएमपीएसबरोबर मदरबोर्डही गेला. अडीच हजार वाचवायला गेलो आणि साडेदहा हजार घालून बसलो.

नंतर तो काढलेला एसएमपीएस मी हातात घेऊन त्याचे लेबल नीट वाचले. वर मोठ्या अक्षरांत ५०० वॅट छापले होते. खालच्या बारीक तक्त्यात मात्र १२ व्होल्टच्या रकान्यात २० अँपिअर होते. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही याच १२ व्होल्टवर चालतात. १२ ला २० ने गुणले की २४० वॅट होतात. म्हणजे ज्या कामासाठी तो घेतला त्या कामासाठी त्याच्याकडे निम्मीही ताकद नव्हती. हा गुणाकार दुकानातच करावा. चांगल्या ५५० वॅटच्या एसएमपीएसवर १२ व्होल्टला ४० अँपिअरहून अधिक आकडा असतो, त्यावर ‘८० प्लस ब्रॉन्झ’ किंवा त्याहून वरची खूण असते, आणि तीन ते पाच वर्षांची वॉरंटी असते. कॉम्प्युटरच्या संचात पैसे कमी पडले तर कॅबिनेटच्या रंगीत दिव्यांवर कात्री लावावी, एसएमपीएसवर लावू नये.

पडदा, कीबोर्ड, माऊस, हेडफोन आणि विंडोजचा परवाना हे कोटेशनच्या शेवटी येतात किंवा येतच नाहीत. ‘फक्त सीपीयू’ची, म्हणजे पडदा वगैरे सोडून नुसत्या डब्याची, किंमत ऐकून कन्सोलशी तुलना करणे म्हणजे भाकरीची किंमत ताटाशी ताडून पाहण्यासारखे आहे.

गेमिंग लॅपटॉपविषयी थोडक्यात सांगायचे तर, ज्या मुलाला पुण्यात वसतिगृहात राहायचे आहे त्याच्यासाठीच तो योग्य आहे. त्याच पैशात ताकद कमी मिळते, आणि ग्राफिक्सचा भाग बिघडला की बहुधा सगळा मदरबोर्डच बदलावा लागतो.

पाचवी पायरी: दर महिन्याचा, दर वर्षाचा खर्च

गेमांच्या किमतीत कॉम्प्युटर स्पष्टपणे पुढे आहे. पीएस५ चा नवा मोठा गेम पाच हजारांच्या आसपास येतो. कॉम्प्युटरच्या गेमांचे ऑनलाइन दुकान असलेल्या स्टीमवर उन्हाळी आणि हिवाळी सवलतीत, निघून वर्ष झालेले गेम निम्म्याहून कमी भावात मिळतात, यूपीआयने पैसे भरता येतात, आणि गेम आवडला नाही तर खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत, दोन तासांपेक्षा कमी खेळला असल्यास, पैसे परत मागता येतात. एपिकचे असेच ऑनलाइन दुकान डिसेंबर २०१८ पासून नियमितपणे काही गेम फुकट देत आले आहे. अर्थात ज्याला गेम निघाल्या दिवशीच हवा असतो, त्याच्यासाठी हा फायदा बराच कमी होतो, आणि कन्सोलच्या दुकानातही सवलती लागतातच.

ऑनलाइन खेळण्याचा मुद्दा पालकांना सहसा माहीत नसतो. पीएस५ वर विकत घेतलेला गेमसुद्धा इतरांबरोबर ऑनलाइन खेळायचा असेल तर पीएस प्लसचे सदस्यत्व लागते. एक्सबॉक्सवरही तसेच गेम पासचे सदस्यत्व लागते. फोर्टनाइटसारख्या मुळातच फुकट असलेल्या गेमांना ते लागत नाही. कॉम्प्युटरवर ऑनलाइन खेळण्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत. मुलगा एकट्याने गोष्टीचे गेम खेळणारा असेल तर हा खर्च शून्य धरावा, मित्रांबरोबर फुटबॉल खेळणारा असेल तर पाचही वर्षे धरावा.

वीज हा तिसरा खर्च. महावितरणच्या घरगुती बिलात ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यावरील असे टप्पे असतात आणि वरच्या टप्प्यातल्या युनिटचा दर वाढत जातो. गेमिंगची युनिटे ही घरातल्या पंखे, फ्रिज, कूलर यांच्या वर येणारी असतात, म्हणून त्यांना घराचा सरासरी दर न लावता आपण ज्या सर्वांत वरच्या टप्प्यात पोहोचतो तिथला दर लावावा. उन्हाळ्यात कूलर चालू असताना हे विशेष जाणवते. पीएस५ खेळताना सुमारे २०० वॅट घेतो, टीव्हीचे ८० धरले तर २८० होतात. वर सांगितलेला कॉम्प्युटर पडद्यासह ३०० वॅटच्या आसपास जातो. रोज दोन तास धरले तर वर्षाला अनुक्रमे सुमारे २०४ आणि २१९ युनिटे पडतात. म्हणजे विजेच्या बाबतीत दोघांत नाव घेण्यासारखा फरक नाही. सिरीज एस मात्र शंभर वॅटच्या आतच राहतो.

सहावी पायरी: बेरीज

आता एक नमुना मांडतो. यातले काही आकडे मी हिशेबासाठी धरलेले आहेत. त्यांच्या जागी वाचकाने आपले कोटेशन घालावे. विजेचा दर युनिटला १२ रुपये धरू.

पहिल्या घरात वर्षाला तीन गेम घेतले जातात आणि मित्रांबरोबर ऑनलाइन खेळले जाते. डिस्कवाला कन्सोल ५५,०००, दुसरा कंट्रोलर ६,००० आणि लाईट गेल्यावर थोडा वेळ यंत्र चालू ठेवणारा छोटा यूपीएस ३,५०० मिळून ६४,५०० रुपये पहिल्या दिवशी जातात. पाच वर्षांत पंधरा गेम सरासरी ३,००० रुपयांनी म्हणजे ४५,०००, सदस्यत्व वर्षाला ४,००० धरून २०,०००, आणि वीज सुमारे १२,२६० रुपये. एकूण १,४१,७६० रुपये.

याच घराने कॉम्प्युटर घेतला तर विंडोजसह सीपीयू ८०,०००, पडदा १२,०००, कीबोर्ड-माऊस-हेडफोन ४,००० आणि यूपीएस ३,५०० मिळून ९९,५०० रुपये. पंधरा गेम सरासरी १,५०० रुपयांनी २२,५००, सदस्यत्व नाही, वीज सुमारे १३,१४०, आणि चौथ्या वर्षी एखादा भाग बदलण्यासाठी १५,००० राखून ठेवले तर एकूण १,५०,१४० रुपये. पहिल्या दिवशी दिसणारा पस्तीस हजारांचा फरक पाच वर्षांत सुमारे आठ हजार चारशेंवर आला.

आता दुसरे घर पाहू. मुलगी अभियांत्रिकीला जाणार आहे आणि तिच्यासाठी ४०,००० रुपयांचा कॉम्प्युटर घ्यावाच लागणार आहे. इथे कन्सोलच्या बाजूला ते ४०,००० मिळवले पाहिजेत, म्हणजे बेरीज १,८१,७६० होते. गेमिंगचा कॉम्प्युटर मात्र अभ्यासही करतो आणि खेळही खेळतो. त्याची बेरीज १,५०,१४० वरच राहते. या घरासाठी कॉम्प्युटर एकतीस हजारांहून अधिक स्वस्त पडतो. अभ्यासाच्या यंत्राचा पैसा जाणारच होता, गेमिंगसाठी केवळ वरचा फरक मोजायचा असतो, ही गोष्ट मी पालकांना पुन्हा पुन्हा सांगतो.

तिसऱ्या घरात लॅपटॉप आहे, टीव्ही आहे, आणि दोन भावांना फक्त समोरासमोर बसून खेळायचे आहे. सदस्यत्व नाही, डिस्क वापरलेल्या घ्यायच्या आणि फिरवायच्या, प्रत्येक गेमचा निव्वळ खर्च १,२०० रुपये. पंधरा गेमांचे १८,००० झाले. ६४,५०० मध्ये ते आणि विजेचे १२,२६० मिळवले की पाच वर्षांत ९४,७६० रुपये. या घराने लाखाचा कॉम्प्युटर घेतला तर तो निव्वळ जास्तीचा खर्च आहे.

सातवी पायरी: सोलापूरच्या हवेचा खर्च

मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो आणि पत्र्याच्या किंवा थेट स्लॅबखालच्या खोलीत त्याहून अधिक उकडते. यंत्राचा पंखा बाहेरचीच हवा आत घेतो. बाहेर बेचाळीस असेल तर आतला भाग त्याहून थंड होणे शक्य नाही. म्हणून दोन्ही यंत्रे टीव्हीच्या बंद कपाटात ठेवू नयेत, भिंतीपासून वीतभर तरी सोडून ठेवावीत, आणि कूलरचा ओला झोत थेट त्यांच्यावर येऊ देऊ नये.

ज्यांच्या घरात किंवा शेजारी माग आहेत त्यांना आणखी एक काळजी घ्यावी लागते. मागच्या वर्षी एका पॉवरलूम कारखान्याला लागून असलेल्या घरात मी कॉम्प्युटरचे बाजूचे झाकण उघडले, तेव्हा पुढच्या जाळीवर सुताच्या बारीक तंतूंचा थर इतका दाट बसला होता की तो नखाने एका टोकाला धरून चादरीसारखा सलग सोलून काढता आला. त्या घरचा मुलगा ‘गेम अडकतो, कार्ड बदलावे लागेल’ म्हणून तीस हजारांची तयारी करून बसला होता. जाळी साफ केली, ब्लोअरने आतली धूळ काढली, आणि त्याचा गेम पूर्ववत चालू लागला. साफ करताना यंत्राची वायर काढून ठेवावी आणि पंख्याचे पाते बोटाने धरून मगच हवा मारावी, नाहीतर पंखा उलटा गरगर फिरून खराब होतो. पीएस५ ची बाजूची आवरणे हाताने निघतात, तिथलीही धूळ काढता येते, पण त्यापुढे स्क्रू उघडण्याच्या भानगडीत वॉरंटी असेपर्यंत पडू नये.

लाईट जाण्यासाठी यूपीएस हवाच, आणि तो कन्सोललाही हवा, कारण गेम साठवत असताना किंवा अपडेट चालू असताना वीज गेली तर साठवलेला खेळ किंवा यंत्रणा बिघडू शकते. घरचा इन्व्हर्टर जुना, चौकोनी लहरींचा असेल तर त्यावर गेमिंगचा कॉम्प्युटर चालवू नये. चांगले एसएमपीएस अशा विजेवर अनेकदा बंद पडतात. प्युअर साइन वेव्ह असे लिहिलेला इन्व्हर्टर चालतो.

आठवी पायरी: खरेदी

भागांसाठी पुण्याची तपकीर गल्ली किंवा हैदराबादचा बाजार गाठणारे आपल्याकडे बरेच आहेत. पुण्याला हुतात्मा एक्स्प्रेसने सकाळी जाऊन रात्री परतता येते. मोठा संच घ्यायचा असेल तर तिथे काही हजार वाचतातही. परंतु भाग बिघडल्यावर तो घेऊन पुन्हा जावे लागते किंवा कुरिअरने पाठवावा लागतो, हा खर्च त्याच बचतीतून वजा होतो. माझी पद्धत अशी आहे की बाहेरचे भाव फोनवर विचारून घ्यावेत, मग गावातल्या दोन दुकानांत प्रत्येक भागाचे नाव आणि मॉडेल लिहिलेले कोटेशन मागावे, आणि फरक तीन-चार हजारांपर्यंत असेल तर गावातूनच घ्यावे. नुसते ‘१६ जीबी रॅम, ५०० वॅट एसएमपीएस’ असे लिहिलेले कोटेशन स्वीकारू नये.

‘बिल नको असेल तर दोन हजार कमी’ हा प्रस्ताव कधीही मान्य करू नये. कॉम्प्युटरच्या भागांवर आणि कन्सोलवर १८ टक्के जीएसटी आहे, त्यामुळे तो वाचवण्याचा मोह होतो. पण ग्राफिक्स कार्डावर बहुधा तीन वर्षांची आणि पीएस५ वर एक वर्षाची वॉरंटी असते, आणि ती मागताना पहिली गोष्ट विचारतात ती बिल. परदेशातून आणलेल्या, बिल नसलेल्या कन्सोलबाबत हेच लागू आहे. हप्त्याने घेणाऱ्यांनी ‘बिनव्याजी’ योजनेत प्रक्रिया शुल्क किती आहे आणि रोखीने घेतल्यास मिळणारी सूट त्यात गेली का, हे विचारावे.

वापरलेला कन्सोल घ्यायचा असेल तर विकणाऱ्याच्या घरी जाऊन तो किमान अर्धा तास चालवून पाहावा, डिस्क घालून वाचते का ते पाहावे, आणि कंट्रोलरची काडी न हलवता पडद्यावरचा खेळाडू आपोआप सरकतो का हे बघावे. वापरलेले ग्राफिक्स कार्ड वॉरंटी शिल्लक असेल आणि मूळ बिल मिळत असेल तरच घ्यावे.

घरी आणल्यावर खोक्यावरचा, यंत्रावरचा आणि बिलावरचा अनुक्रमांक एकच आहे का ते ताडून पाहावे आणि बिलाचा फोटो काढून ठेवावा, कारण दुकानाच्या कागदावरची शाई दोन उन्हाळ्यांत उडते. पहिल्या आठवड्यात यंत्र रोज चालवावे, म्हणजे मुळातला दोष असेल तर तो बदलून घेण्याच्या मुदतीतच समोर येतो. आणि पहिल्या महिन्याचे विजेचे बिल आले की मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याच्या बिलाशी ते ताडून, वाढलेली युनिटे आणि त्यांचा खरा दर वहीतल्या माझ्या १२ रुपयांच्या जागी लिहावा.